बहिरूचं सोवळं

काही घरांत कांदा-लसूण शिजत नाही, काही घरांत चातुर्मासात वांगं येत नाही. नाशिकरोडला जेलरोडच्या अंगाला बहिरू विधातेचं घर होतं, तिथे विंडोज येत नव्हतं.

कांदा-लसूण न खाणाऱ्याला कुणी हसत नाही. पंगतीत त्याच्यासाठी वेगळी आमटी काढून ठेवतात. बहिरूला मात्र सगळे हसायचे. घराखालीच त्याचं दुकान होतं, 'भैरव कॉम्प्युटर्स' नावाचं. आणि कॉम्प्युटरच्या दुकानदारानेच म्हणायचं, की दहातल्या नऊ कॉम्प्युटरांत जे चालतं ते माझ्या घरात चालणार नाही. म्हणजे वाण्याने साखरेला शिवू नये तसं. गिऱ्हाइकाचं मशीन दुरुस्तीला आलं तर तो करून द्यायचा, चूल त्यावरच पेटत होती. पण ते मशीन दुकानाच्या टेबलावरून जिना चढून वर यायचं नाही. वर त्याच्या आणि मुलीच्या लॅपटॉपवर विंडोजच्या जागी लिनक्स. बायको रेणुका म्हणायची, "सासूबाईंचं सोवळं परवडलं. ते अंघोळ केली की संपतं."

बहिरू नवसाचा. गावच्या बहिरोबाला बोलून झालेला, म्हणून नाव त्याचंच. वडील ओझरला विमानाच्या कारखान्यात फिटर होते. माणूस अबोल, पण एक गोष्ट परत परत सांगायचा: ज्या यंत्राचं झाकण आपल्याला उघडता येत नाही, ते यंत्र आपलं नव्हे. खंडेनवमीला ते स्वतःचे पाने, पकडी रॉकेलने पुसून पाटावर मांडायचे, हळदकुंकू वाहायचे, झेंडूचं फूल ठेवायचे. ते गेल्यावर बहिरूने तो नेम मोडला नाही. पान्यांच्या शेजारी त्याचा लॅपटॉप आला इतकंच. पूजेआधी तो लॅपटॉपचे स्क्रू काढायचा, पंख्यातली धूळ ब्रशने झाडायचा आणि मागचं झाकण न लावताच त्याला पाटावर पालथा ठेवायचा. त्याच्या आई लंकाबाई दरवर्षी विचारायच्या, "आरं, त्याचं पोट कशाला उघडं ठेवितो?"

"देवीला आतलंपण दिसू दे, आई. आपल्याकडं लपवायचं काय आहे?"

लिनक्स त्याला डिप्लोमाच्या वर्षांत भेटलं. एका मासिकाबरोबर फुकट चकती आली होती. इतर मुलांनी ती चहाच्या कपाखाली ठेवायला वापरली, याने मशीनमध्ये घातली. आत काय चाललंय ते सगळं वाचता येतं, आवडलं नाही तर बदलता येतं, आणि हे कुणीतरी आपल्याला न पाहता आपल्यासाठी करून ठेवलंय. अन्नछत्रात जेवून उठलेल्या माणसासारखे त्याचे डोळे भरून आले होते म्हणे. गुरू मिळाला की माणूस आधी शांत होतो आणि मग इतरांना छळायला लागतो. बहिरूचं तसंच झालं.

छळायला सगळ्यात जवळचा माणूस म्हणजे हारुन. शेजारच्या गाळ्यात त्याचं मोबाइलचं दुकान. काचा बदलायच्या, कव्हरं विकायची, रिचार्ज मारायचे. दुपारचा चहा दोघांचा एकत्र.

"हारुन, तुझ्या त्या फोनमध्ये तू कुठं जातो, काय खातो, कुणाशी बोलतो, सगळं लिहून ठेवतात."

"लिहू दे ना भाई. माझ्या घरी तर कुणी विचारतपण नाही."

"चेष्टा नको. आता बघ, विंडोजचं दहा नंबर बंद करताहेत. चालतंय, बोलतंय, काय दुखत नाही, तरी म्हणे नवं घ्या, कारण अकरा नंबर जुन्या मशीनवर चढणार नाही. धडधाकट बैलाला कुणी सांगतं का, तुझं वय झालं?"

"मग टाक ना त्या बैलांवर तुझं लिनक्स. सगळे येतील तुझ्याकडं."

टाकलंही होतं. एका निवृत्त गुरुजींच्या मशीनवर त्याने लिनक्स चढवलं, दुपारभर बसून शिकवलं, पैसे घेतले नाहीत. गुरुजी आठवडाभराने पिशवीत मशीन घेऊन परत. "बहिरू, सगळं चांगलंय रे. पण माझी अक्षरं कुठे गेली?" वर्षानुवर्षं ज्या जुन्या मराठी फाँटात त्यांनी लेख टंकले होते तो नव्या घरात नव्हता, सगळ्याचे ठोकळे झाले होते. बहिरूने त्यांना युनिकोड म्हणजे काय ते सांगायला सुरुवात केली. गुरुजी नम्रपणे ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "ते ठीक. पण आधीचं होतं तसं करून दे." तसे बरेच आले. कुणाचं हिशेबाचं पॅकेज चालेना, कुणाचा प्रिंटर रुसला. बहिरू प्रत्येकाला आधीचं होतं तसं करून द्यायचा, आणि त्या दिवशी जेवताना बोलायचा नाही.

वेबसाइटींचंही तेच. एके काळी त्याने बऱ्याच केल्या होत्या. मंगल कार्यालयाची, पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्षांच्या पॅकहाउसची, पंचवटीतल्या पूजा सांगणाऱ्या दोन गुरुजींची. साधी पानं. उघडलं की उघडायचं. मग पॅकहाउसच्या शेठच्या मनात आलं की आपल्या साइटवर काही हलत नाही. दुसऱ्यांच्या साइटवर वरून द्राक्षांचे घड घरंगळत येतात.

"शेठ, गिऱ्हाईक माल बघायला येतं का घरंगळणं बघायला?" बहिरूने विचारलं.

"तुम्ही करता का नाही तेवढं सांगा."

बहिरूने त्यांना फ्रेमवर्क, म्हणजे वेबसाइटचे तयार सांगाडे, या विषयावर ऐकवलं. एक बटण निळं करायचं तर कोडच्या बाराशे पुड्या उतरवून घ्यायच्या, त्या कुणी बांधल्या ते माहीत नाही, पुढच्या दिवाळीला त्यातल्या निम्म्या शिळ्या. दर दोन वर्षांनी नवा बुवा, नवी जत्रा, जुन्या बुवाच्या भक्तांना कुणी विचारत नाही. शेठने सगळं ऐकून घेतलं. नंतर ते काम हारुनला मिळालं. हारुनला वेबसाइटमधलं ओ की ठो कळत नव्हतं. त्याने फोनवरच्या एआयला मराठीत सांगितलं, एआयने करून दिली. घड घरंगळत आले. हारुन संकोचून चहाबरोबर भजी घेऊन आला, तेव्हा बहिरूने त्या साइटचं पोट उघडून पाहिलं. एका पानासाठी कितीतरी ओझं! "हे खेड्यातल्या फोनवर उघडेपर्यंत जेवण होईल," तो म्हणाला.

"होय भाई. पण शेठ म्हणाले छान आहे."

दोघांनी भजी खाल्ली.

एवढं सगळं हरत असताना एकच शिष्या त्याला मिळाली होती, ती आरोही, त्याची मुलगी. तिला त्याने लहानपणापासून शिकवलं, की पडद्यावर चौकट उघडून काही विचारायला लागली तर मोठ्या रंगीत बटणाकडे बघायचं नाही. खाली फिकट अक्षरांत बारकं काहीतरी असतं ते शोधायचं. "मोठं बटण त्यांचं, बारकं आपलं." दोघांचा तो खेळच होता. कुठल्याही साइटवर 'नको' कुठे लपवलंय ते कोण आधी शोधतं. बहुतेक वेळा आरोही जिंकायची, आणि तिला जिंकताना पाहून बहिरूला वाटायचं, आपला वंश चालला.

आरोही इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आली. भाद्रपद संपता संपता कॉलेजात एक मोठी कंपनी नोकऱ्या द्यायला येणार असं ठरलं. पुण्याची नोकरी. परीक्षा घरूनच द्यायची, कॅमेरा चालू ठेवून. मुलगी वर्षभर त्यासाठी घासत होती. दुकानाची स्थिती तिला दिसत नव्हती असं नाही. ती रेणुकाला म्हणाली होती, "आई, मला लागू दे. मग बाबांना कुणाचं घरंगळणारं काही करायला नको. त्यांना हवं ते करू दे बसून."

परीक्षेची सूचना आली. पहाऱ्याचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालेल.

"बाबा, एका दिवसाचा प्रश्न आहे," आरोही म्हणाली.

हारुनला कळल्यावर तो स्वतःचा लॅपटॉप घेऊन जिना चढून आला. "हे घे बेटा. भाई, एक दिवस घरात आलं तर काय बाटणार आहे का?"

बहिरूने लॅपटॉपकडे पाहिलं. नाही म्हणायला तोंड उघडलं, मुलीचा चेहरा बघून मिटलं. मग त्याला मार्ग सुचला, आणि सुचल्यावर तो इतका खूश झाला, की त्या आनंदातच सगळं घडलं. तो म्हणाला, "विंडोज येईल. पण पेटीत येईल."

लिनक्सच्या पोटात एक खोटा कॉम्प्युटर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, तयार करता येतो. आतल्या विंडोजला वाटतं आपण खऱ्या मशीनवर बसलोय, पण खरं तर ते एका काचेच्या पेटीत असतं. पेटीबाहेरच्या कशाला त्याचा हात लागत नाही.

"म्हंजी पाव्हन्याला वसरीतच बसवायचं," लंकाबाई म्हणाल्या, "माजघरात घ्यायचं नाय."

"अगदी तसं, आई."

"पाव्हन्याला कळलं तर राग येतो बरं का."

हारुनने लॅपटॉप बगलेत मारला. "भाई, सरळ रस्ता आहे तर गल्लीतून कशाला जातो?" पण बहिरू तोवर कामाला लागला होता.

परीक्षेच्या अटी त्याने शब्दन् शब्द वाचल्या. जग न वाचता 'मान्य' दाबतं, तो वाचायचा. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की अशा खोट्या मशीनमध्ये परीक्षा देता येणार नाही. ते वाचून तो चिडला. माझ्या घरातलं मशीन, ते मी कसं ठेवायचं हे सांगणारे हे कोण? हे काही कॉपी करणं नाही, हे तर नुसतं आपलं दार लावून घेणं आहे. आणि ज्या नियमाला अर्थ नाही तो नियम कसला, असं म्हणून त्याने पान मिटलं.

सरावाची परीक्षा होती, तेव्हा सॉफ्टवेअरने अडवलं. ही पेटी आहे, म्हणालं. बहिरूने मान हलवली, जणू बुद्धिबळात समोरच्याने बरी चाल केली. पेटीवर जिथे जिथे पेटी असं लिहिलेलं होतं ते त्याने बसून एकेक पुसलं. आतल्या खोट्या डिस्कला खऱ्या डिस्कचं नाव दिलं. परत सराव. या वेळी चाललं. फक्त एक तक्रार आली, की खोलीत परीक्षार्थीखेरीज आणखी एक चेहरा दिसतोय.

घरात नवरात्राची मांडणी झाली होती. रेणुका चांदवडची, माहेरची देवी तिने इकडेही आणली होती. परडीत माती घालून धान्य पेरलेलं, वर घट, मागे देवीची तसबीर, पुढे अखंड दिवा. सॉफ्टवेअरला देवीचा चेहरा दिसला होता.

"देवीचं तोंड झाकायचं? नवरात्रात?" लंकाबाई कडाडल्या. "त्याच्या मायला सांगा, आमची देवी जागची हलनार नाय."

सगळे पोट धरून हसले. आरोहीने टेबल फिरवून पाठ खिडकीकडे केली. कितीतरी दिवसांनी घर असं हसलं होतं. हसणं ओसरल्यावर तिने विचारलं, "बाबा, पण हे नक्की चालेल ना? नाहीतर हारुनकाकांचा—"

"बिनधास्त बस. त्याला कळणारही नाही."

परीक्षेच्या दिवशी रेणुकाने अनवाणी पायांनी दिव्यात तेल घातलं आणि खोलीचं दार ओढून घेतलं. बहिरू खाली दुकानात गेला, पण हातात काम धरवेना. हारुनने चहा पाठवला. तो तसाच साय धरून गार झाला.

मग वरून दार उघडल्याचा आवाज आला. फार लवकर आला.

आरोही जिन्यावर उभी होती. "लाल झालं," ती म्हणाली. "प्रश्न सोडवत होते, सगळं येत होतं, आणि एकदम लाल झालं. लिहून आलं, गैरप्रकार."

तो दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर गेला. पडद्यावर लाल चौकट होती. त्याने कोपरे पाहिले, तळ पाहिला. बारकं बटण कुठेच नव्हतं.

रेणुका घटापुढे बसली होती. तिचा चेहरा उतरला होता. "माझ्या देवीमुळे झालं का हो? मागून परत चेहरा दिसला का? मी म्हणत होते, कपडा टाकू म्हणून. सासूबाईंना घाबरले."

क्षणभर, अगदी डोळ्याची पापणी लवावी इतका वेळ, बहिरूच्या मनात आलं की असू दे असंच. देवीला काय, ती कितीतरी पोटात घालते. पण रेणुकाच्या नवरात्राची माती व्हायला नको होती. तो म्हणाला, "नाही. देवीमुळे नाही. माझ्यामुळे."

कॉलेजने चौकशीला बोलावलं. नोकऱ्यांचं काम बघणारे महेश सर तरुण होते, मनाने चांगले. म्हणाले, "काका, माझा तुमच्यावर विश्वास आहे हो. पण माझ्या स्क्रीनवर लाल आहे." पालकांना मागे बसता येईल, बोलता येणार नाही, असं ठरलं. कंपनीच्या बाई समोरच्या पडद्यावर आल्या. मराठीच होत्या, आवाजही मऊ. बहिरूला त्यामुळे आशा वाटली. आयुष्यभर तो म्हणत आला होता की या कंपन्यांत माणूसच भेटत नाही. आणि आज माणूस भेटला होता.

"आरोही, परीक्षा व्हर्च्युअल मशीनमध्ये दिलीस का?"

"हो मॅम. पण मी कॉपी नाही केली. माझे वडील घरात—"

"कॉपी केलीस असं मी म्हणत नाही. अटी वाचल्या होत्यास?"

"हो."

"सरावाच्या वेळी सॉफ्टवेअरने एकदा थांबवलं होतं, आमच्याकडे नोंद आहे. नंतर मशीनची ओळख बदललेली दिसते. हे तुला माहीत होतं?"

आरोहीने मान वळवली. महेश सरांच्या खांद्यावरून तिने बहिरूकडे पाहिलं. आणि ज्याने तिला अक्षरओळख झाल्यापासून एकच गोष्ट शिकवली होती, की लपवायचं काही नाही, त्या बहिरूची मान आपोआप हलली. डावीकडून उजवीकडे. नाही म्हण.

आरोही पडद्याकडे वळली. "माहीत होतं, मॅम. बाबा म्हणाले होते, त्याला कळणारही नाही."

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. "खरं बोललीस त्याबद्दल थँक यू," त्या म्हणाल्या, आणि खरंच तसं वाटून म्हणाल्या. पण त्यामुळे बदललं काहीच नाही. त्या कंपनीची दारं बंद झाली, आणि कॉलेजच्या नियमाप्रमाणे या वर्षी येणाऱ्या बाकी कंपन्यांचीही. महेश सरांनी बहिरूला पाणी दिलं. मग कागदावर त्याची सही घेतली.

परत येताना नाशिकच्या द्वारका चौकात गाड्या तुंबल्या होत्या. एरवी आरोही स्कूटरवर त्याच्या खांद्यावर हात ठेवून बसायची. आज तिने मागची दांडी धरली होती. सिग्नलला उभं असताना ती म्हणाली, "तुम्ही मान हलवली. नाही म्हण म्हणून."

"हं."

"म्हणजे तुम्हालाही ठाऊक होतं, ते लपवणं होतं."

मागून एक टेम्पो हॉर्न देत होता. बहिरूला उत्तर द्यायचं होतं. दार लावणं वेगळं आणि लपवणं वेगळं, हे तो हारुनला अर्धा तास समजावू शकला असता. पण सिग्नल सुटला, आणि त्याने स्कूटर पुढे काढली.

त्या दिवसापासून तो पत्रं लिहायला लागला. कंपनीला, पहाऱ्याचं सॉफ्टवेअर करणाऱ्यांना, कॉलेजला. अपराध माझा आहे, मुलीचा नाही. शिक्षा मला करा. पाठवण्याचं बटण दाबायचा अवकाश, उत्तर हजर: तुमचं म्हणणं आमच्यासाठी मोलाचं आहे. आणि तळाशी, या पत्त्यावर उत्तर पाठवू नये. तो तरी पाठवायचा. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तेच उत्तर त्याच तत्परतेने यायचं. एकदा हारुन शेजारी येऊन उभा राहिला, त्याने ते पाहिलं आणि पाठीवर हात ठेवला. मी सांगत होतो, असं तो म्हणाला नाही. म्हणाला असता तर बहिरूला भांडता तरी आलं असतं.

आरोहीने भांडण केलं नाही. जेवायची, आजीच्या पायांना तेल लावायची. पिंपळगावच्या त्याच पॅकहाउसमध्ये हंगामासाठी संगणकावर बसायला कुणीतरी हवंय, कॉलेज सांभाळून जमेल असं, हे तिला हारुनकडून कळलं. पेट्यांचे नंबर टाकायचे, शीतगृहात गेलेल्या मालाची नोंद ठेवायची. शेठ म्हणाले, स्वतःचा लॅपटॉप असेल तर लगेच ये. काय चालतं त्यावर, हे त्यांनी विचारलंही नाही, विंडोजच असणार हे गृहीत होतं. हारुनने आपला लॅपटॉप आतून सगळा पुसून, नव्यासारखा करून तिच्या हातात ठेवला. या वेळी तो लॅपटॉप जिना चढून वर गेला, तेव्हा कुणी अडवलं नाही.

खंडेनवमी आली. परडीतलं धान वीतभर वाढून पिवळंधमक झालं होतं. रेणुका म्हणाली, यंदा किती छान आलंय, आणि दिव्यात तेल घालायला वळली. लंकाबाईंनी पाट मांडला. विळा, विळी, रेणुकाच्या शिलाई मशीनची कात्री, सासऱ्यांचे पाने.

"बहिरू, तुझं हत्यार आन."

"यंदा राहू दे, आई."

"राहू दे काय? न पुजलेलं हत्यार उलटतं."

"दरवर्षी पुजलं की," बहिरू म्हणाला.

लंकाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग पाने सरकवून त्यांनी पाटावर जागा केली. त्या जागेत आरोहीने हारुनचा लॅपटॉप आणून ठेवला. पालथा नाही, उताणा. त्याचं मागचं झाकण बंदच होतं, असंही त्याचे स्क्रू वेगळ्या तोंडाचे होते, बहिरूकडे त्या मापाचा पेचकस नव्हता. तिने तो चालू केला, कारण पूजेनंतर लगेच पिंपळगावला निघायचं होतं. निळा उजेड दिव्याच्या उजेडात मिसळला. रेणुकाने कडेला कुंकवाचं बोट ओढलं, वर झेंडू ठेवला.

नव्यासारखा केलेला लॅपटॉप, त्यामुळे तो एकेक विचारायला लागला. तुम्ही कुठे आहात हे पाहू का. तुम्ही काय टाइप करता ते पाठवू का. तुम्हाला आवडतील अशा जाहिराती दाखवू का. बहिरू पाठीमागे हळदकुंकवाचं तबक धरून उभा होता. पहिल्याच चौकटीत, डाव्या कोपऱ्यात, फिकट करड्या अक्षरांत, त्याला ते दिसलं. अजून नजर शाबूत होती. आरोहीलाही दिसलं असणार. त्याच्याआधी दिसलं असणार.

तिने मोठं बटण दाबलं. पुढची चौकट आली, मोठं बटण दाबलं. पुढची आली.

"काय इचारतंय गं एवढं?" लंकाबाईंनी विचारलं.

"काही नाही आजी. सगळ्याला हो म्हणायचं असतं."

बहिरूच्या हातातलं तबक जड झालं होतं. ते त्याने खाली ठेवलं, पाटापुढे वाकून नमस्कार केला, आणि आरोहीला एसटी स्टँडवर सोडायला स्कूटर काढायला गेला.